बाईंचं यंत्र आणि गल्लीचे पंप

इन्व्हर्टर विकणाऱ्याला मी विचारलं होतं, "लाइट गेल्यावर हे किती घंटे चालते?" तो म्हणाला, "आरामात आठ घंटे, ताई. निवांत झोपा." निवांत झोपा म्हणे! आधीच सांगितलं होतं त्याला, की पंख्या-ट्यूबलाइटीसाठी नको, सासूच्या ऑक्सिजनच्या यंत्रासाठी पाहिजे. त्यानं मान डोलावली आणि हिशेब सांगितला तो पंख्याचाच. अजून वाशीमला त्याच्या दुकानासमोरून जाते, तर तळपायाची आग मस्तकात जाते.

सासूला आम्ही बाई म्हणतो. जन्मभर चुलीपुढं बसून त्यांच्या फुप्फुसांचं वाटोळं झालं. डॉक्टरांनी घरीच यंत्र लावायला सांगितलं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून तो नळीनं नाकात सोडणारं, दिवसभर घरघरणारं. ते चालतं विजेवर, आणि आमच्याकडची वीज म्हणजे नुसता ढग दिसला तरी जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं, यंत्र बंद पडायच्या आत दवाखान्यात आणा, बंद पडल्यावर नाही. म्हणजे मला एकच गोष्ट पक्की माहीत पाहिजे होती, की इन्व्हर्टर किती वेळ दम धरतो.

पण ती कोणी सांगेल तर शपथ! वायरमन म्हणाला, "बॅटरीवर रायते ते." नवरा म्हणाला, "पाहू ना तवा." पाहू ना तवा? बाईंचा श्वास आहे का सोयाबीनचा भाव, की तेव्हाचं तेव्हा पाहू? शेवटी बाई तपासणीसाठी दवाखान्यात होत्या तेव्हा मीच घरचं मेन स्विच पाडलं, यंत्र रिकामंच चालू केलं आणि समोर मेथी निवडत बसले. चार तासांनी इन्व्हर्टर केकाटला आणि यंत्र थांबलं. आठ नाही, चार! त्या दुकानदाराला मी तिथंच बसून मनसोक्त शिव्या घातल्या. मग घरात सगळ्यांना सांगून टाकलं, लाइट जाऊन दोन घंटे झाले की बाईंना घेऊन निघायचं. कोणाची वाट पाहायची नाही.

आमचा भाजीचा मळा आहे. नवरा मळ्यात असतो, मी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन वाशीमच्या बाजारात बसते. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस होते. दुपारी शेजारच्या काकूचा फोन आला, "लाइट गेली व." तिला मीच सांगून ठेवलं होतं, लाइट गेली की फोन कर म्हणून. मी मनात हिशेब केला. चार तास हातात आहेत. राहिलेल्या जुड्या विकल्या, पोतं झटकलं आणि ऑटो करून निघाले. दोन तास व्हायच्या आत मी दारात होते.

दारात यंत्राची घरघर ऐकू आली नाही.

आत बाई खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकवून बसलेल्या. ओठ निळे पडलेले, मान ताणलेली, प्रत्येक श्वासाला खांदे वर चढत होते. आणि इन्व्हर्टरपाशी पाहिलं तर एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड, त्याची वायर खिडकीतून ओट्यावर गेलेली. ओट्यावर पाठीवरचे फवारणी पंप ओळीनं मांडलेले. आता सगळ्यांचे पंप बॅटरीचे झालेत आणि लाइट नसली की ते चार्ज होत नाहीत. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मला फोन करणाऱ्या काकूचाही पंप त्यातच होता. पहिलाच!

माझं डोकं असं सणकलं! पिना उपसल्या, पंप उचलले आणि एकेक करून अंगणात भिरकावले. "लाज वाटत नाई का रे? मानसाचा जीव पेऊन फवारणी करता का?" मी ओरडत होते आणि ऐकायला कोणी नव्हतंच. पंप लावून सगळे जेवायला गेले होते. ज्या ऑटोनं आले तो दारातच उभा होता म्हणून बाई वाचल्या. नाहीतर मी आज हे काय सांगत बसले असते?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांना जरा बरं वाटलं आणि मी सुटलेच. "बाई, तुमाले नाई म्हणता येत नव्हतं का त्याईले?"

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"इन्व्हर्टर पिप पिप करत होता, ते ऐकू नाई आलं?"

"आलं ना."

"मंग? हात लांब करून बोर्ड काहून नाई काढला?"

त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "हे यंत्र आल्यापासून माह्याकडं कोणी बसाले येत नाई व. आवाज होते म्हणतात, मले धड बोलता येत नाई. तू बजारात, तो मळ्यात. पंप लावाले येतात तं घडीभर टेकतात, सुनेच्या-लेकीच्या गोठी सांगतात. त्याईले नाई कायले म्हणू?"

मास्क मीच पुन्हा नीट बसवला. राग होता तसाच होता, फक्त आता तो त्यांच्यावर काढता येईना.

बाई घरी आल्या. बोर्ड मी काढून माळ्यावर टाकला. पुढं लाइट गेली तेव्हा मी घरीच होते. यंत्र न कुरकुरता चालत होतं, आणि बाई नळी लावून दाराकडं पाहत होत्या. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांचं ते पाहणं मला सहन होईना, म्हणून तणतणत काकूच्या अंगणात गेले.

"काकू, पंप नाई लावू देनार मी. पन तुमी तं येऊन बसा ना घडीभर!"

काकू तुरी पाखडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "आमचे पंप फेकताना नाई सुचलं हे? अन् बिनकामाचं बसाले फुरसत कोनाले हाय व?"

"वर्षभर त्याईच्या हातचं लोनचं खाल्लं तुमी!"

"खाल्लं ना. मंग?"

मी आणखी बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल, दार मात्र एकाचंही उघडलं नाही.

घरी आले. बाईंनी नळी सावरत विचारलं, "काय म्हने काकू? येतो म्हनली का?"

"हो," मी म्हटलं. "येतो म्हनल्या."