उंबऱ्याबाहेरचा बूट

चाकूरच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवरून पाय घसरला आणि माझ्या घोट्याचं हाड मोडलं. शाळा राहिली बाजूला, सरळ लातूरला आणलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड जागेवर आहे, ऑपरेशनची गरज नाही. हवेचा बूट घाला. मात्र सहा आठवडे बुटाशिवाय हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवला तर हाड सरकेल.

बूट गुडघ्याच्या खालपर्यंत येत होता. बाहेरून टणक, आत हवेच्या पिशव्या. बाजूचं गोल बटण दाबत राहिलं की हवा भरायची आणि घोटा चहूबाजूंनी आवळून धरला जायचा. बसताना थोडी हवा सोडायची, उठताना पुन्हा भरायची. बोटांना मुंग्या आल्या तर हवा जास्त झाली असं समजायचं. आतलं अस्तर काढून साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. मी शिक्षिका, सांगितलेलं सगळं नेमाने करत होते. वेलक्रोच्या पट्ट्यांत अडकलेले केससुद्धा जुन्या टूथब्रशने काढत होते. खरं सांगायचं तर त्या घरात मला आधार देणारं तेवढं एकच होतं.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. देवघर आतच, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी.

"अगं, पायतान घालून कुठं निघालीस? आत देव हायत."

"आत्याबाई, हे पायतान नाही. प्लास्टरच्या जागी दिलंय डॉक्टरांनी."

"खाली सोल हाय का न्हाई त्याला? दवाखान्यातून रस्त्यानं घालूनच आलीस का न्हाई?"

मी सोल डेटॉलने धुतला. चाललं नाही. जुन्या चादरीची पिशवी शिवून बुटावर चढवली. त्यांनी ती निरखून बघितली आणि म्हणाल्या, "आत तर पायतानच हाय की." प्लास्टर असतं तर चाललं असतं. वेलक्रोने निघतं, म्हणून ते पायतान.

सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. मला हळदीचं दूध आणून द्यायच्या, शेजारणींना माझं दुखणं डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या, आणि मग भाकरी थापायला मलाच हाक मारायच्या. स्वयंपाकाला बाई लावू म्हटलं, तर गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करणाऱ्या माणसाला कुणाच्याही हातचं चालत नाही म्हणे. मग मी उंबऱ्याबाहेर बूट काढायची, ओटा धरून एका पायावर उभी राहायची. पण भाकरीला दोन्ही हात लागतात. तोल गेला की दुखरा पाय खाली यायचाच, आणि घोट्यातून अशी कळ निघायची की परातीतलं पीठ दिसेनासं व्हायचं.

नवऱ्याला सांगितलं. आडत दुकानात दिवसभर शेतकऱ्यांशी, हमालांशी मोठ्या आवाजात बोलणारा हा माणूस घरात आला की पुटपुटतो. "आईचं वय झालंय. थोडं सांभाळून घे."

तपासणीच्या दिवशी नवराच मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथेही दारावर पाटी, चपला बाहेर काढा. दारातली मावशी माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "बाई, बूट काढा."

नवरा एकदम कडाडला. "अहो, ते काय पायतान हाय का? पाय मोडलाय तिचा! काढून कसं चालंल? दिसत न्हाई का?"

मावशी बिचारी बाजूला झाली. माझे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, म्हणजे यांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

आत डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. हाड सरकलं होतं. "बुटाशिवाय चालत होता का तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "मी लई सांगितलं, डॉक्टरसाहेब. ऐकतच न्हाई ती."

"शिकलेल्या बाई तुम्ही," डॉक्टर मला म्हणाले.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. उंबरा, भाकरी, पिशवी, सगळं. नवरा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

आता माझ्या घोट्यात स्टीलची पट्टी आहे, स्क्रू आहेत. थंडीत ठणकतात, पायऱ्या उतरताना लंगडायला होतं, आणि एसटीत चढताना शाळेतल्या पोरी माझा हात धरतात. स्वयंपाकघरात मी अनवाणी जाते, भाकरी थापते, देवापुढे दिवाही लावते. ती पट्टीसुद्धा दवाखान्यातूनच आली आहे. पण ती बाहेर काढून ठेव, असं मला अजून कुणी म्हणालेलं नाही.