उन्हात तापवलेले सेल
रिमोटचे सेल संपले की मी ते अजूनही उन्हात ठेवतो आणि नातवंडं हसतात. एकाहत्तरच्या लढाईत मिरजगावला आमच्या ट्रान्झिस्टरचे सेल संध्याकाळच्या बातम्यांपुरते चालावेत म्हणून असेच दिवसभर पत्र्यावर तापायचे, कारण थोरला भाऊ सीमेवर होता. एका संध्याकाळी बातम्या लागल्या आणि आवाज बसतच गेला. वडिलांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. “लढाई थांबली,” ते म्हणाले. दाराआडून वहिनीनं विचारलं, “आन् आपलं मानूस, मामंजी?” वडिलांनी मुका झालेला डबा खाली ठेवला. “ते ह्यात सांगत न्हाईत, पोरी.” आता मोबाईल दिवसभर लढाया ओरडत असतो, वहिनीनं विचारलेलं तेवढं मात्र अजून कुणी सांगत नाही.