न उघडलेलं पाकीट

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यात आरोपी कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आरोपीच नाही, हे पोलिसाच्या पचनी पडत नाही.

तेव्हा मी महाड-पोलादपूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तुडीलचा एक डंपरमालक तक्रारी अर्ज घेऊन आला. आखातातली नोकरी सोडून त्याने सगळी कमाई डंपरांत घातली होती. काम मिळालं नाही तर बायकामुलांना सोडून पुन्हा तिकडेच जाणं त्याला भाग होतं. आंबेनळी घाटातल्या दरडींची माती उचलायला एका सरकारी कार्यालयाने सीलबंद निविदा मागवल्या होत्या. यानेही भरली. पण पाकिटं उघडायच्या दिवशी सकाळीच त्याला फोन आला, "आज उघडत नाय, येऊ नको." तो घरीच राहिला. गैरहजर म्हणून कार्यालयाने त्याचं पाकीट बाजूला ठेवलं आणि ठेका दुसऱ्याला गेला.

"साहेब, माझा पाकीट उघडलाच नाय," तो म्हणाला. "ज्याला ठेका मिळाला, फोन करणारा त्याचाच मुकादम हाय. आता तुम्हीच काय ते समजा."

समजायला काही उरलंच नाही, असं मला वाटलं. उमरठच्या त्या मुकादमाला बोलावून घेतलं. फोन केल्याचं त्याने लगेच कबूल केलं. इतक्या पटकन कबूल करणारा माणूस एक तर फार बनेल असतो किंवा अगदी साधा. हा कोणता, ते उमगेना.

"कुणी सांगितलं होतं फोन करायला?"

"त्या डंपरवाल्याच्याच ड्रायव्हरनी. दरड आलती, गाडी अडकलेली, त्याचा फोन लागत नव्हता. मालकाला कळव म्हणाला, आज उघडत नाय."

"काय उघडत नाही?"

"घाट," तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत म्हणाला. "तिथं दुसरा काय उघडायचा हाय, साहेब?"

गोष्ट छान रचली आहे, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात घाटातल्या बंदोबस्तावरून आमचे हवालदार आले आणि मुकादमाला पाहून थबकले. "हा इथे कसा? त्या दिवशी गाड्या अडवल्या तेव्हा माझ्या शेजारी उभा राहून फोनवर ओरडत होता. रेंज धड मिळत नव्हती." ड्रायव्हरचा जबाबही तसाच आला. पोलादपूरच्या बाजूला घाट बंद पडला की त्याचं नाव कुणी घेतच नाही. 'उघडला काय?' एवढंच विचारतात. आणि डंपरमालकाच्या डोक्यात तर त्या सकाळी पाकिटाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

गुन्हा घडलेला नाही, असं मी त्याला लेखी कळवलं.

"म्हंजे माझ्यावर अन्याय झालाच नाय?" त्याने विचारलं.

तो उच्च न्यायालयात गेला. फसवणूक नाही, लाच नाही, मग न्यायालय करणार काय, असं मला वाटत होतं. न्यायालयाने त्या फोनकडे फारसं पाहिलंच नाही. गैरहजर माणसाचं पाकीट उघडायचं नाही, ही अट जाहिरातीत कुठे आहे, एवढंच विचारलं. ती कुठेच नव्हती. कार्यालयाने ऐन वेळी काढलेली होती. ठेका रद्द झाला. पण तो याला द्या, असंही न्यायालय म्हणालं नाही. सगळ्यांना सारखी वागणूक देऊन पुन्हा निविदा मागवा, म्हणालं.

या वेळी त्याचं पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. दर जास्त निघाला. ठेका पुन्हा दुसऱ्यालाच गेला.

पुन्हा आखातात जाण्याआधी तो ठाण्यात भेटायला आला. मला फार वाईट वाटलं. "एवढं करून मिळालं काय तुम्हाला?" मी विचारलं.

"पाकीट उघडला ना, साहेब. हरलो, ता माझ्या डोळ्यासमोर. आता तक्रार नाय."

त्यानंतर कुणी अन्याय झाला म्हणत ठाण्यात आलं, की 'कुणी केला?' याच्या आधी मी 'झाला कसा?' असं विचारू लागलो. पण घर सोडून गेलेल्या त्या माणसाला न्याय मिळाला का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तो स्वतः मात्र मिळाला असं समजूनच गेला.