अंतरा येऊ दे

उजव्या हातात घंटीची दोरी, डाव्या हाताचं एक बोट वर, मान खिडकीकडे कललेली आणि डोळे अर्धे मिटलेले. माझा कंडक्टर असा उभा राहिला की मी समजून जायचो, जवळ कुठेतरी बँड वाजतोय आणि आता गाडी हलायची नाही.

"भाऊ, डबल द्या नं!" मी आरशात बघून ओरडायचो.

"थांब नं बाप्पा. अंतरा येऊ दे."

मी ड्रायव्हर, ते कंडक्टर. ब्रह्मपुरी-नागभीड, ब्रह्मपुरी-गडचिरोली अशा फेऱ्या आम्ही बरीच वर्षं जोडीने मारल्या. वयाने ते मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. कामात चोख, हिशेबात चोख, सुट्या पैशांवरून कधी कुणाशी भांडण नाही. पण उन्हाळा लागला, लग्नं सुरू झाली आणि रस्त्यात वरात आडवी आली की या माणसाचं काही खरं नसायचं. बाकीचे कंडक्टर खाली उतरून वरातीला बाजूला करायचे. हे खाली उतरून ऐकत उभे राहायचे.

तुम्हीही वराती पाहिल्या असतील, तेव्हा भाऊंचं दुखणं तुम्हाला लगेच कळेल. वरातीत गाणं कधी पुरं होत नाही. बँडवाले मुखडा धरतात, दोनदा फिरवतात, आता अंतरा येणार इतक्यात नवरदेवाचा कुणी मित्र घामाने निथळत येतो आणि "हा नाई, दुसरा लावा, नाचाचा!" म्हणून ओरडतो. लगेच दुसऱ्या गाण्याचा मुखडा. त्याचंही तेच. भाऊ म्हणायचे, "पुरी जिंदगी मुखडेच आयकून राह्यलो मी. जेवाले बसलं अन् नुसतं मीठच वाढलं, असं होते नं हे."

एकदा नागभीडच्या अलीकडे अशीच वरात लागली. भाऊ उतरले आणि नाचणाऱ्या पोरांमध्ये शिरून म्हणाले, "बाबू, अंतरा होऊ दे, मंग नाचा." पोरांना वाटलं, हा नवरीचा कुणी मामा असेल. त्यांनी भाऊंनाच उचलून मध्ये घेतलं. गळ्यातली तिकिटाची मशीन उड्या मारतेय, टोपी तिरपी झालीय आणि भाऊ दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबा थांबा म्हणतायत. लोकांना तोही नाचच वाटला. आमच्या गाडीतली एक मासोळ्यावाली बाई टोपली मांडीवर घेऊन खिडकीतून ओरडली, "ओ भाऊ, तुमचा अंतरा येईपर्यंत माह्या मासोळ्या नासतीन!" सगळी गाडी हसली. भाऊ वर आले, टोपी सरळ केली आणि डबल बेल दिली.

त्यांचे आवडते बँड ठरलेले होते. बँडची नावं त्यांना आवडत नसत, सगळी नावं राजा-महाराजांची आणि रोशनाईची. ते गावावरून ओळखायचे. पहिला मान नागभीडकडच्या बँडला, कारण तिथला म्हातारा मास्तर क्लॅरिनेट वाजवायचा. "तो वाजवत नाई, समजावून सांगते," भाऊ म्हणायचे. दुसरे सिरोंचाचे सनईवाले. एकदा भाऊंची ड्युटी तिकडे लागली होती, तेव्हा गोदावरीच्या काठावर एका तेलुगू लग्नात त्यांनी ती लांबलचक सनई आणि तिच्यासोबतचा डोलू, म्हणजे तिकडचा ढोल, ऐकला. भाषा एक अक्षर कळली नाही, पण परत आल्यावर आठवडाभर तेच पुराण. तिसरे अहेरीकडच्या एका गोंडी गावातले ढोलवाले. त्यांचा ढोल ऐकला की पोटात हलतं, असं ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगायचे. ज्या बँडच्या हातगाडीवर कॅसिओ आणि भोंगा आला, तो बँड त्यांच्या मनातून उतरला. डीजेचं तर ते नावही घ्यायचे नाहीत. "तो सामान" म्हणायचे.

आणि मग त्यांची मैफील. ही मैफील त्यांच्या डोक्यात होती आणि गाडी रिकामी असली की ती माझ्या कॅबिनमध्ये भरायची. माझ्या मागच्या दांडीला टेकून ते ती बसच्या फेरीसारखी सांगायचे. सुटण्याचं ठिकाण, अहेरीचे ढोलवाले. मधला थांबा, सिरोंचाची सनई. शेवटचा थांबा, नागभीडचा मास्तर आणि ते एक गाणं. गाण्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझं सांगणं राहून जाईल. जुनं हिंदी गाणं आहे, ताटातुटीचं, लग्नात खरं तर वाजवू नये असं, आणि प्रत्येक लग्नात वाजतं.

"बँडवाले खुर्चीवर बसतीन," भाऊ सांगायचे. "लोकं खुर्चीवर बसतीन. कोणी नाचणार नाई, कोणी फर्माईश करणार नाई. अन् पुरा गाना. पयला अंतरा, दुसरा अंतरा, सगळा."

"अन् तुमी कुठी बसणार?"

"सामनेच्या लाइनीत, मधात. एकदा, बाप्पा. एकदाच आयकाचा हाये मले."

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यात घाई होती. मास्तरचे पुढचे दात हलायला लागले होते. क्लॅरिनेटवाल्याचे दात गेले की त्याचा सूर गेला, हे मला भाऊंनीच सांगितलं. नागपूरची फेरी मिळाली की ते मास्तरसाठी क्लॅरिनेटची पत्ती घेऊन यायचे. तोंडाशी लावायची ती वेताची पातळ पट्टी, ती इकडे मिळत नसे. वरच्या खिशात रुमालात गुंडाळलेली पत्ती आणि कुणी धक्का दिला की खिशावर हात. नागभीडला मास्तर बसस्टँडवर येऊन उभाच असायचा. पत्ती देताना भाऊ पहिल्यांदा त्याच्या तोंडात बघायचे. "दात कसे हायेत?" मास्तर जिभेने हलवून दाखवायचा.

बँडवाल्यांशी त्यांची ही ओळख पंगतीतली. लग्नात बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी, एका बाजूला जेवायला बसवतात, तेव्हा वरण पातळ झालेलं असतं आणि वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागतं. भाऊ आमंत्रण असलेल्या लग्नातही त्याच पंगतीत बसायचे. यजमान येऊन हाताला धरून ओढायचे, पण हे उठायचे नाहीत. वहिनींना याचा फार राग. "पाहुणे म्हणून नेते मले, अन् सोता बाजेवाल्यात जाऊन बसते हा माणूस," असं त्या मलाच ऐकवायच्या, जणू मी नेऊन बसवलं होतं.

मुलगी एकच. ती गडचिरोलीला नर्स झाली आणि तिचं लग्न ठरलं. नवरदेवाकडचे चंद्रपूरचे, त्यांनी डीजे आणणार म्हणून आधीच सांगितलं. भाऊंनी ते मान्य केलं. फक्त व्याह्यांना म्हणाले, "वरातीत तुमचा तो सामान वाजवा. दुपारची जेवणं झाली अन् लग्नाले टाइम राहिला, तेवढ्यात एक घंटा मले द्या." व्याही हसून म्हणाले, जेवण झाल्यावर लोकं पेंगतात, काय वाजवायचं ते वाजवा.

तिन्ही बँड काही जमले नाहीत. सिरोंचाच्या सनईवाल्यांनी त्याच दिवसाची दुसरी सुपारी घेतलेली होती, अहेरीच्या ढोलवाल्यांच्या गावात कुणी वारलं होतं. नागभीडवाले मात्र आले, मास्तर दातांसकट आला. जांभळीच्या फांद्यांच्या मांडवात समोरासमोर खुर्च्या लागल्या. आणि भाऊंनी पुढच्या ओळीतल्या मधल्या खुर्चीवर खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरली. ज्या माणसाने सगळी नोकरी खिडकीतून दुपट्टे टाकून जागा धरणाऱ्यांशी भांडण्यात घालवली, त्याने. मी तसं बोलून दाखवलं तर लाजले.

बँडवाले बसले आणि गाणं सुरू झालं. मंडळी, मी जन्मात इतका वाईट बँड ऐकला नाही. ढोल एकीकडे, झांज दुसरीकडे, ट्रंपेट पुढे पळतंय, मास्तर डोळे वटारून सगळ्यांकडे बघतोय. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फिसकटलं. मागे बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भाऊंचा चेहरा पाहवेना.

मास्तरने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "भाऊ, आमी कधी बसून वाजवलंच नाई. आमचा ताल पायात हाये. पाय उचलला का ढोल पडते. बसलो त पत्ताच लागून नाई राह्यला."

भाऊंनी कपाळावर हात मारला. वरातीमागून इतकी वर्षं फिरले, पण बँडवाल्यांचे पाय त्यांनी कधी पाहिले नव्हते, लक्ष सगळं सुरांकडे. मग एकदम म्हणाले, "मंग उठा नं! आमी बसतो मधात. तुमी फिरा आमच्या भवताल."

खुर्च्या फिरवल्या, सगळे मधोमध घोळक्याने बसले आणि बँड मांडवाच्या कडेने चालायला लागला. पहिल्याच पावलाला ढोल जागेवर आला. काय सांगू तुम्हाला! क्लॅरिनेट पाठीमागून जायचं, कानाशी यायचं, समोरून निघून जायचं. म्हाताऱ्या बायका माना वळवून वळवून ऐकत होत्या. पेंगणारे व्याही ताठ बसले. भाऊ दुपट्टा उचलून आपल्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मुखडा एकदा झाला. दुसऱ्यांदा झाला. भाऊंचं बोट वर गेलं.

"नवरीचे बाबा कुठी हायेत? ओ, नवरीचे बाबा!" मांडवाच्या दारातून कुणीतरी ओरडलं.

डीजेची गाडी धानाच्या बांधीत उतरून फसली होती, रस्ता अडला होता आणि नवरदेवाचा जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरण्याची जागा, त्या रस्त्याच्या पलीकडे. नवरीच्या बापाशिवाय हे निस्तरणार कोण? मी उठलो, म्हटलं मी जातो, मी ड्रायव्हर आहे. भाऊंनी मला दाबून बसवलं. "तू बस. तू आयक. मले सांगजो." दुपट्टा परत खुर्चीवर टाकला आणि गेले.

अंतरा आला. पहिला आला, दुसरा आला, पुरा गाना झाला. मास्तर त्या दिवशी असा वाजवत होता की माझ्या शेजारी बसलेला एक अनोळखी माणूस डोळे पुसत होता. मी मात्र सारखा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो आणि मला सगळ्या वऱ्हाडाचा, त्या बांधीचा, त्या गाडीचा असा राग आला होता की सांगता येत नाही.

संध्याकाळी भेटले, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. उन्हाळी धान होतं त्या बांधीत.

"आयकला का भाऊ?"

"आला नं थोडासा. गाडी ढकलून राह्यलो होतो, हवा इकडचीच होती." मग हसून म्हणाले, "पुढच्या टाइमले."

"पुढच्या टाइमले कोणाचं लग्न हाये तुमच्या घरी?"

"पाहू नं बाप्पा."

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. दिवाळी झाली, धानाची कापणी लागली आणि एका सकाळी अंगणात दात घासता घासता बसले ते उठलेच नाहीत. मी डेपोतून तसाच गेलो, खाकी कपड्यांवर. अंगण भरलं होतं. मुलगी-जावई पोचले होते. तिरडी बांधून झाली होती, अंगावर तोच दुपट्टा होता आणि बायाबापे त्यांना हाका मारून मारून रडत होते, "भाऊ, ओ भाऊ, उठा नं."

नागभीडचा बँड जीपमधून उतरला. कुणी बोलावलं नव्हतं. वरातीचे लाल कोट नाहीत, घरचे सदरे. ढोलवाला सरळ कापणीवरून आलेला, त्याच्या केसांत धानाचा काडीकचरा. मास्तरचे पुढचे दोन दात गेलेले होते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाजत नेतात, बाजा पुढे आणि मयत मागे. एक जण म्हणाला, चला, पुढे व्हा. मास्तरने मान हलवली. त्याने आपल्या सगळ्या वाजवणाऱ्यांना तिरडीच्या भोवताली गोल उभं केलं, पाऊल उचललं आणि बँड फिरायला लागला.

तेच गाणं. दात नसल्याने सूर कडेला फाटत होता, मधूनच नुसती हवा येत होती. मुखडा झाला. परत झाला. कुणीतरी पुन्हा हंबरडा फोडला, "ओ भाऊ!"

वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"हाका नोका मारू आता त्याईले," त्या म्हणाल्या. "आयकू द्या."

अंगण गप्प झालं. मास्तर भाऊंच्या डोक्याशी आला आणि अंतरा सुरू झाला. पहिला झाला, दुसरा झाला, शेवटचा मुखडाही झाला. मग आम्ही खांदा दिला.