दुसऱ्या कडव्यातली बाई

एकच गाणं आमच्याकडं पाच वेळा असतं आणि ती पाचही वेगळी असतात, हे लोकांना पटवून द्यायचं मी आता सोडलं आहे. लाखेच्या तबकडीवर तीन मिनिटांत बसावं म्हणून एक कडवं कापलेलं असतं. सिनेमात ते कडवं असतं, पण मधे नायिकेच्या बापाचा खोकला असतो. पुढं तेच गाणं मोठ्या तबकडीवर आलं तेव्हा कुणीतरी बासरी वर केली आणि तबला खाली. कॅसेटवर ते जरा पळतं. आणि मोबाइलवर तुम्ही जे ऐकता ते यातलं कुठलं, हे ऐकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एका लग्नाच्या पंगतीत मी हे सगळं शेजारच्या माणसाला नीट समजावून सांगितलं. तो मठ्ठा आणायला उठला तो परत आलाच नाही.

ज्यांना हे समजावून सांगावं लागत नाही अशी दोनच माणसं मला या शहरात मिळाली. एक सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गाण्याची लांबी स्टॉपवॉचवर मोजतात आणि दोन सेकंदांचा फरक निघाला की त्यांना रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. दुसरे चाचा. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. आता दुरुस्तीला कोणी येत नाही, पण दुकान रोज उघडतं. मी स्वतः शेवटची वीस वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत फरक काढायचा, एवढंच काम. निवृत्तीनंतर ही खोड गाण्यांवर आली असं बायको म्हणते. ते चूक आहे. खोड आधीपासून होती, कारखाना नंतर आला.

दर रविवारी सकाळी दहाला आम्ही गारखेड्यात माझ्या हॉलमध्ये बसतो. नियम माझे. पंखा बंद, मोबाइल बंद, कुकरच्या शिट्ट्या नऊच्या आत. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, बोललं तर गाणं पहिल्यापासून. बायको दहाला पाच कमी असताना तिच्या बहिणीकडं निघून जायची आणि एकला परत यायची. मला वाटायचं, बहिणी-बहिणींचं लई जमतं.

आता पुण्याच्या एका गृहस्थांबद्दल सांगायला पाहिजे. वर्षातून एकदा कुठल्यातरी गावी संग्राहकांचा मेळावा भरतो, तिथं ते पहिल्या रांगेत असतात. एकदा चहाच्या रांगेत ते मला हसत हसत म्हणाले, "तुमच्या मराठवाड्यात ऐकणारे आहेत हो, जमवणारे नाहीत." मीही हसलो. घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं आणि त्यानंतर सहा वर्षं ते काही ताळ्यावर आलं नाही. यंदा मेळावा आमच्याच शहरात होता. मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसाकडं नाही असं एका गाण्याचं एक रूप, आमच्या गावात सापडलेलं, माझ्या नावावर. बाकी आयुष्याकडून माझी काही तक्रार नव्हती.

मेळाव्याच्या दीड महिना आधी चाचा एक कॅसेट घेऊन आले. लेबल गेलेलं, एक कोपरा उडालेला, मागची बाजू कोरी. भंगारवाल्याकडं जुन्या कॅसेटींचा ढीग दिसला, कवचं कामाला येतात म्हणून त्यांनी उचलला. बाकीच्यांतली फीत कधीच उडालेली, ही एकच शाबूत, म्हणून सहज लावून बघितली.

"भाऊ, ये सुनो," ते म्हणाले. "दूसरा अंतरा आने दो. मैं कुछ नै बोलता."

जुनं, गाजलेलं मराठी गाणं. आम्ही तिघांनी ते हजार वेळा ऐकलेलं. पहिलं कडवं नेहमीचं, आवाज जरा धुरकट. दुसरं कडवं सुरू झालं आणि गायिकेच्या मागून दुसरी एक बाई गायला लागली. हलक्या आवाजात, बिचकत. तिसऱ्या कडव्यात ती बिचकायची थांबली. मूळ गायिका जिथं श्वास घेते तिथं ही पुढं गेली, वरचा स्वर धरून ठेवला आणि निवांत खाली आली. शेवटी टण् असा आवाज झाला, मग एका पुरुषाचा आवाज आला, "ए", आणि खट्. टेप बंद.

सरांनी गोळी मागितली.

पुढचे सहा आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. टण् म्हणजे ट्रँगल हे वाद्य, यावर एकमत झालं. "ए" म्हणजे "एक", कारण पुढच्या टेकची मोजणी सुरू होत होती, हे सरांनी काढलं. म्हणजे ही थेट स्टुडिओतली टेप. आवाज धुरकट का, तर कॉपीची कॉपी, हे चाचांनी सांगितलं. सगळ्यात मोठा शोध मात्र शब्दाचा होता. तिसऱ्या कडव्यात मूळ गायिका "तिथे" म्हणते आणि ही दुसरी बाई "तिथं" म्हणते. सरांच्या मते कवीनं आधी "तिथं" लिहिलं होतं आणि छपाईच्या वेळी ते सुधारलं. म्हणजे आमच्या हाती नुसतं दुर्मीळ गाणं नव्हतं, कवितेचा मूळ पाठ होता. त्या रविवारी आम्ही पेढे खाल्ले.

मी टिपण तयार केलं. दुसऱ्या बाईबद्दल लिहिलं, "आवाज तयार, पण दबलेला. बहुधा कोरसमधली. पुढं येऊ दिलं नसावं." पुरुषाबद्दल लिहिलं, "आवाज तुसडा. बहुधा संगीतकाराचा साहाय्यक." स्वतःच्या हातानं लिहिलं. ते टिपण अजून माझ्याकडं आहे.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी हॉलमध्ये भाषणाची तालीम करत होतो. रविवार नव्हता, म्हणून बायको घरात होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दुसरं कडवं लागलं आणि ती मेथीची जुडी हातात घेऊन दारात आली.

"अहो, हे..."

मी बोट वर केलं. "शू!"

ती थांबली. गाणं संपेपर्यंत मेथी धरून तशीच उभी राहिली. टण् झालं, "ए" झालं, खट् झालं. मग तिनं विचारलं, "कुठं घावली ही?"

"चाचांना. फार दुर्मीळ आहे. हात लावू नको."

"ती मी हाय," ती म्हणाली.

"कोण?"

"मागून म्हणणारी. अन् ती सांडशी पडली. अन् वरडणारे तुमी."

मी तिला शांतपणे समजावलं. असं होतं कधीकधी, जुना आवाज ऐकला की माणसाला ओळखीचा वाटतो, संग्राहकांनाही हा भास होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. मग तिनं सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष, भाड्याची एक खोली. टेपला वायर जोडायची सोय नव्हती, म्हणून मी रेकॉर्ड लावून समोर टेप ठेवायचो आणि शेजाऱ्यांनी आवाज करू नये म्हणून दाराबाहेर उभा राहायचो. ती आत भाकरी करत होती. विसरली आणि गाण्याबरोबर म्हणायला लागली. हातातली सांडशी पडली, तो आवाज मला बाहेर ऐकू आला, मी आत आलो, "ए" म्हणून ओरडत टेप बंद केली आणि मग म्हणालो, "गप की!"

ती कॅसेट बिघडली म्हणून मी बाजूला टाकली होती. एकदाही लावून बघितली नव्हती. पुढं सीडी प्लेअर घेतला तेव्हा घरी भरलेल्या सगळ्या कॅसेटी दोन गोण्यांत घालून रद्दीवाल्याला दिल्या.

मी टेप पुन्हा लावली. या वेळी क्वालिटीच्या माणसासारखी ऐकली. तिसऱ्या कडव्यात "तिथं" आलं आणि मी कपाळावर हात मारला. कवीचा मूळ पाठ म्हणे! तो शब्द माझ्या घरात दिवसातून पन्नास वेळा म्हटला जातो.

"त्यानंतर तू कधी गायलीस नाही," मी म्हणालो.

"तुमी गप म्हणले की." रागानं नाही. गॅस संपलाय असं सांगावं तसं. आणि ती मेथी निवडायला गेली.

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, पहिली लाज बायकोची नव्हती, पुण्याच्या माणसाची होती. उद्या काय वाजवू? बायकोची लाज संध्याकाळी जेवताना आली. भाकरीचा तुकडा मी नुसता ताटात फिरवत होतो. ती म्हणाली, "मीठ कमी झालं का?"

सरांना फोन केला. ते आधी गोळी घेऊन आले. मग म्हणाले, "पुरावा फक्त वहिनींचा आहे. उद्या लगेच सांगायलाच पाहिजे असं नाही." चाचांना फोन केला. ते म्हणाले, "भाभी गाई क्या? अरे वा! फिर रोना कैकू, भाऊ?"

मी बायकोला म्हणालो, उद्या तूही चल. "मी कशाला? मला काय कळतं त्यातलं?" असं दोनदा म्हणून ती आली. शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसली.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पुण्याचे गृहस्थ पहिल्या रांगेत. मी भाषण केलंच नाही, नुसती टेप लावली. दुसऱ्या कडव्याला ते पुढं सरकले. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढला. टेप खट् करून थांबली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

याच प्रश्नासाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. शेजारून सर पुटपुटले, "संशोधन चालू आहे म्हणा."

"माझी बायको," मी म्हणालो. आणि सगळं सांगून टाकलं. भाकरी, सांडशी, संगीतकाराचा तुसडा साहाय्यक, सगळं. हॉल जो हसला! पुण्याचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे बिघडलेलं रेकॉर्डिंग हो!" मीही हसलो. चहाच्या रांगेत हसलो होतो तसंच. सहा वर्षं पाण्यात गेली होती.

पण माणूस हाडाचा संग्राहक. हसू ओसरल्यावर त्यांनी हात वर केला. "थट्टा राहू द्या. तिसऱ्या कडव्यातला तो वरचा स्वर सोपा नाही. वहिनींचं अजून काही आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

"व्हतं की," मागून आवाज आला.

सगळे वळले. ती उभी राहिली होती, पदर सावरत. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात बोललेली नव्हती.

"ह्ये ड्यूटीला गेले की मी म्हणायची," ती म्हणाली. "यांच्याच कॅसेटींच्या मागच्या बाजूला भरून ठेवायची. म्हणलं, कधी तरी उलटी लावतील, तवा ऐकतील. यांनी मागची बाजू कधी लावलीच नाय. मग रद्दीत दिल्या."

"किती होत्या?" सरांनी विचारलं. त्यांना राहवत नाही.

"मोजल्या नाय. लई होत्या."

"आणि आता?" पुण्याच्या गृहस्थांनी अगदी हळू विचारलं. "आता गाता?"

"आता वर जात नाय आवाज."

कुणी हसलं नाही. मी टेपवर हात ठेवून उभा होतो. पुण्याचे गृहस्थ उठून उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून, तिच्याकडं तोंड करून. मग चाचा उठले. मग बाकीचे.

ती ओशाळली. पटकन खाली बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि लांबूनच मला हातानं खूण केली, पुढचं लावा.