सात नंबरच्या खोलीचं मत

आमच्या मुलुंडच्या घरापासून मतदान केंद्र तीन मिनिटांवर आहे. तरीही मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही रिक्षा करून थेट जोगेश्वरी पूर्वेला निघालो, कारण सुमनआत्याचं नाव अजून तिथल्या यादीत आहे. तिची चाळ पाडून आठ वर्षं झाली. आत्या माझ्याकडे राहते, डॉक्टर मुलुंडचा, भाजीवाला मुलुंडचा. मत तेवढं जोगेश्वरीचं. 'नाव इकडे आणू या' म्हटलं की अंगावर येते. या वेळी मीच सोबत जायचं ठरवलं. त्यात माझाही स्वार्थ होता. कुठलं उपनगर कुणाला मत देतं, हे सोसायटीच्या कट्ट्यावर मी फुकटात सांगत असतो. म्हटलं, एकदा प्रत्यक्ष बघून येऊ.

जाणाऱ्यांसाठी सूचना: सुट्टीमुळे रस्ता मोकळा असतो, भांडुपवरून पवईमार्गे पाऊण तास पुरे. रिक्षाचे अडीचशेच्या आसपास होतात. पवईला इडली खाऊन घ्या, रांगेत भूक लागते.

वाटेत मी आत्याला माझे ठोकताळे ऐकवले. मुलुंडचं मत पेव्हर ब्लॉकला. जो उमेदवार सोसायटीच्या आवारात ब्लॉक बसवतो तो विकासपुरुष, आणि पाच वर्षांनी तेच उखडून नवे बसवतो तो दूरदृष्टीचा. घाटकोपरचं मत नाक्यावर शाई दाखवून डोशावर जी सूट मिळते तिला. पार्ल्यात चार महिने चर्चा होते आणि मतदानाला जोडून सुट्टी आली की निम्मी चर्चा लोणावळ्याला जाते. पवईच्या टॉवरमध्ये लोक देशाचं सगळं जाणतात, फक्त नगरसेवकाचं नाव विचारू नये.

"साहेब, आपण बरोबर बोलते," रिक्षावाले म्हणाले.

"तुमचं मत कुणाला?"

"माझा नाव गावाला हाय ना. इकडे वीस साल झाला, पण व्होट नाय. म्हणून सगळ्यांना ऐकून घेतो."

आत्या पिशवीतली फाइल मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी घरी तिला मोबाइलवर नाव दाखवलं होतं, पण छापील यादीत दिसेपर्यंत तिचा जीव टांगणीला असतो.

केंद्र एका शाळेत होतं. समोरच चाळीच्या जागी उभारलेला, चाळकऱ्यांना खोल्या मिळायच्या तो टॉवर सातव्या मजल्यावर येऊन थांबलेला. गेटपासून ठरलेल्या अंतरावर तीन पक्षांची तीन टेबलं. तिन्हीकडे याद्या, तिन्हीकडे ताकाची पाकिटं आणि तिन्हीकडे एकच वाक्य: "ही चाळ आपलीच!" आत्याने तिन्ही ठिकाणी चिठ्ठी घेतली, ताक घेतलं आणि "तुम्हीच येणार" असा आशीर्वादही दिला.

माझ्या अभ्यासाची वाट लागायला सुरुवात झाली ती रांगेत. विरार, बदलापूर, दिवा असं कुठून कुठून आलेलं चाळीतलं माणूस खोलीच्या नंबराप्रमाणे उभं राहत होतं. आठ नंबरवाले पुढे आलेले दिसले तर लोक त्यांना मागे सरकवत होते. आत्याची खोली सात नंबरची, म्हणून ती सहा नंबरच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"यादी अशीच आहे. आणि खोल्या मिळतील त्या याच यादीने."

"आत्या, खोलीची पात्रता केव्हाच ठरलीय. कागद झालेत."

"कागद कुणाकडे आहेत? बिल्डरकडे. माझ्याकडे काय, तर हे नाव. ते गेलं की मी कोण?"

तेवढ्यात नऊ नंबरचे कांबळे काका टेबलावरून परत आले. चेहरा उतरलेला. "सुमनताई, मला मयत दाखवलंय."

काका आत जाऊन अधिकाऱ्यांना भेटले. अधिकारी भले होते. त्यांनी खुर्ची दिली, ओळखपत्र बघितलं आणि सांगितलं की आज काही करता येणार नाही, नंतर फॉर्म भरा. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "मत गेलं तर गेलं रे. उद्या बिल्डर म्हणाला, नऊ नंबरवाला मेला, तर?"

 मघापासून काकांना हाक मारणारी तिन्ही टेबलं आता फोनमध्ये डोकं घालून बसली. मयत माणसाला ताक कोण देणार? आत्याने आपल्यातलं एक पाकीट काकांच्या हातात दिलं आणि रांग सरकली तशी आत गेली. तिचं नाव होतं. मला इतकं हायसं वाटलं की मीच लाजलो.

परतीच्या रिक्षात मी ठोकताळे काढले नाहीत. संध्याकाळी टीव्हीवर कुणी तज्ज्ञ त्याच भागाला 'एका पक्षाशी निष्ठावान मतदार' म्हणत होते. कालपर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

"आत्या, मत कुणाला दिलंस?" मी शेवटी विचारलंच.

"कट्ट्यावर सांगायला हवंय का?" ती म्हणाली. मग खिडकीशी उजेडात गेली, शाईचं बोट वर केलं आणि दुसऱ्या हाताने आजचं वर्तमानपत्र त्याच्या मागे धरलं. "फोटो काढ. तारीख नीट दिसू दे."

मी काढला. कौतुकाने विचारलं, "ग्रुपवर टाकू?"

"ग्रुपवर कशाला? दोन प्रिंट काढून आण. एक माझ्या फाइलला. आणि उद्या कांबळे भाऊंचाही असाच काढून ये, शाई नसली तरी चालेल. माणूस दिसला पाहिजे."