दोन भाऊ आणि बर्फ

नाताळचे सिनेमे आमच्या घरमालक काकांइतक्या निष्ठेने पाहणारा माणूस साऱ्या ख्रिस्ती जगात सापडणार नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. काका स्वतः गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य कधी चुकू न देणारे. आयुष्य जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात गेलेलं, घर तिथल्याच अधारताल वस्तीत, आणि इंग्रजी म्हणाल तर मशीनवरच्या सूचना वाचण्यापुरतं. बँकेनं माझी बदली इकडे केली आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्या पहिल्याच थंडीतली गोष्ट. खालून हाक आली, "साहेब, स्वेटर घाला न लवकर खाली या, बर्फ पडून राहिला!" मी धावत जिना उतरलो. बर्फ टीव्हीत पडत होता. काका माकडटोपी आणि मफलर घालून समोर बसले होते. मला पाहून ते म्हणाले, "बसा. आत्ताच सुरू झाला. ही पोरगी आत्ता त्याला आवडत नाही, पण आवडेल."

या सिनेमांची गोडी त्यांना कारखान्यातल्या एका ख्रिस्ती मित्रानं लावली होती. तो दर नाताळला त्यांना घरी केक खायला बोलवायचा आणि व्हिडिओवर सिनेमा दाखवायचा. पुढे तो मित्र मुलाकडे परदेशी गेला आणि सिनेमे काकांकडे राहिले. आता बंगलोरच्या नातीनं टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या ॲपवरच्या आपल्या खात्यात काकांची सोय करून दिली होती. दिवाळीचा शेवटचा चिवडा संपला की काकांचा हंगाम सुरू व्हायचा तो थेट संक्रांतीपर्यंत. सिनेमांची इंग्रजी नावं लक्षात राहत नसल्यामुळे त्यांनी सगळ्यांचं घरगुती बारसं केलं होतं: 'बेकरीवाली', 'हरवलेला कुत्रा', 'चर्चची घंटा'. पाहायला येणाऱ्यानं स्वेटर घातलाच पाहिजे आणि हात रिकामे ठेवता कामा नयेत, असे दोन नियम होते. त्यातला दुसरा काकूंचा. जवळच्या पनागरहून आलेले मटार त्या प्रत्येकाच्या मांडीवर ओतायच्या आणि सिनेमा संपेपर्यंत परातभर दाणे निघायचे. चुंबनाचा प्रसंग आला की काका "जाहिरात आहे, जाहिरात" म्हणत पुढे पळवायचे. संवादांचं मराठी तर ते चालता चालता करत. एकदा नायिका रडत रडत घराबाहेर पडली, तेव्हा काकांनी सांगितलं, "म्हणते, माझ्या आईच्या हातचं लोणचं काहून फेकलं?" खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं. मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, सगळ्या सिनेमांची गोष्ट एकच आहे." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आरती रोज तीच असते न साहेब? तरी आपण टाळ्या वाजवतोच न?"

पण त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा 'दोन भाऊ'. दोघं भाऊ शेतावरच्या घरावरून भांडतात, वर्षानुवर्षं तोंड पाहत नाहीत, आणि नाताळच्या दिवशी धाकटा गुडघाभर बर्फातून चालत थोरल्याच्या दारात जाऊन उभा राहतो. एवढीच गोष्ट. ते दार उघडायच्या आधीच काका मफलरनं डोळे पुसायला लागायचे. त्यामागचं कारण मला काकूंकडून कळलं. काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, नागपूरला होते. दादांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये काकांचं नाव छापायचं राहून गेलं. छापखान्याची चूक आहे, असं दादा सांगत राहिले. काकांना ते पटलं नाही. ते लग्नाला गेले नाहीत आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

एका डिसेंबरात 'दोन भाऊ' लागला होता आणि काकांचे डोळे वाहत होते. काकू मटार सोलता सोलता शांतपणे म्हणाल्या, "तिकडं रस्ते बंद आहेत, तरी तो पोचला. तुम्हाला तर नागपूरची गाडी रोज मिळते." काकांनी टीव्ही बंद केला. नंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरातून बर्फ पडल्याची हाक आली नाही. पुढे एकदा जिन्यात भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, "जाईन हो. पण नाताळलाच जाईन. पुढच्या. असं कधीही उठून गेलं तर त्याला काय मजा?"

आणि खरोखर पुढच्या नाताळला सकाळी ते केकचा डबा घेऊन माझ्या दाराशी उभे राहिले. सुट्टी होतीच, मी गाडी काढली. काकू मागे बसल्या. नागपूरच्या वाटेवरचं सिवनी येईपर्यंत काकांची तालीम चालली होती. "मी काहीच बोलणार नाही. नुसता दारात उभा राहीन. दादा म्हणेल, पत्रिकेचं माझं चुकलं. मी म्हणेन, अच्छा, चलो, झालं ते झालं." काकू म्हणाल्या, "आणि नाही म्हणाले तर?" काका म्हणाले, "तर मीच म्हणेन, माझं चुकलं. आता इतकं दूर आलोच आहे."

दार पुतणीनं उघडलं. काकांना पाहून ती वाट देत बाजूला झाली. दादा मागच्या गॅलरीत उन्हात बसले होते, दाढी नीट केलेली, अंगावर इस्त्रीचा सदरा. काका ठरल्याप्रमाणे दारात नुसते उभे राहिले. दादांनी वर पाहिलं आणि फार अदबीनं म्हणाले, "या, बसा न. आपण कोण?"

पुतणी मागून हलक्या आवाजात म्हणाली, "दोन वर्षं झाली काका, असंच आहे. मी तुम्हाला फोन करणारच होते. पण बाबांना कळत होतं तेव्हा तेच म्हणायचे, नको बोलावू, तो आपणहून येईल."

काका हातातला डबा तसाच धरून दादांसमोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "दादा, ते पत्रिकेचं..."

"कसली पत्रिका? कुणाचं लग्न आहे?" दादा एकदम खूश झाले.

"कुणाचं नाही," काका म्हणाले. "असंच विचारलं."

मला वाटलं आता ते उठतील. काकूंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पर्स उचलली होती. पण काकांनी खुर्ची पुढे ओढली, केकचा एक तुकडा दादांच्या हातात दिला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ होते. शेतावर घर होतं. दादा लहान मुलासारखे ऐकत होते, मध्येच "मग?" म्हणत होते. भांडण झालं तेव्हा त्यांनी मान हलवली. धाकटा बर्फातून निघाला तेव्हा म्हणाले, "स्वेटर घातला होता न त्यानं?"

"घातला होता."

"मग पोचला का?"

"पोचला," काका म्हणाले. "थोडा उशीर झाला, पण पोचला."

दादांनी उन्हात डोळे मिटले. हातातल्या केकचा चुरा सदऱ्यावर सांडत होता आणि काका तो एकेक कण वेचत होते.

"होतं थोडं मागंपुढं," दादा म्हणाले. "आईनं त्याच्यासाठी झाकून ठेवलं असेल न?"

"ठेवलं होतं, दादा," काका म्हणाले. "गरम होतं."